अंतर्गत गुण चाळीस

बसा. मागच्या बाकावरचे पुढे या, तिथला पंखा बंदच आहे.
लिहून घ्या, मग मार्चमध्ये स्टाफरूमच्या दारात
मॅडम, सांगितलं नव्हतं, असं चालणार नाही.

लेखी साठ. अंतर्गत चाळीस.
त्यातले वीस प्रात्यक्षिकाचे, दहा जर्नलचे,
पाच तोंडीचे, पाच हजेरी आणि वर्तणुकीचे.
वर्तणूक म्हणजे काय ते परिपत्रकात नाही,
आणि बारा वर्षांत मी कुणाला विचारलेलं नाही.

इथल्या एका तासाला घरी दोन तास.
मला इथल्या तासाचेच पैसे मिळतात,
घरचे दोन माझेही फुकटच जातात.
हे लिहू नका.

जर्नल निळ्या शाईत, आकृती पेन्सिलीने.
चुकलात तर एकच आडवी रेघ,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
पांढरं फासलेलं पान मी तपासत नाही.
ब्युरेट वाचताना डोळा पातळीला,
द्रावण बिनरंगी असेल तर खालचा बाक,
परमँगनेट असेल तर वरचा.
दशांशानंतर दोन घरं.
दुसरं घर अंदाजाचं असतं, तरी ते भरायचं.

रीडिंग तीन. तिन्ही जुळली तर पाच गुण.

इथे मी दरवर्षी थोडी थांबते.

चार वर्षांपूर्वी सिंकजवळच्या त्या टेबलाशी
प्रणाली मढवी उभी राहायची,
इथलीच, ऐरोलीच्या दिवा गावातली, रोल नंबर एकतीस.
प्रयोग पाण्यातल्या क्लोराइडचा.
सगळ्यांनी नळाचं पाणी घेतलं,
पिवळ्यावर विटकरी झाक आली,
सगळ्यांचं चार दशांश सहा शून्य,
चार दशांश सहा शून्य, चार दशांश सहा शून्य,
सव्वाचारला एप्रन घडी करून सगळे गेटबाहेर.

हिने सॅकमधून तीन बाटल्या काढल्या.
खाडीचं पाणी. एक भरतीचं, एक ओहोटीचं,
एक बापाने होडीतून वाकून भरलेलं, नाल्याच्या तोंडाशी.
ब्युरेट संपली, फ्लास्कमधलं पिवळं तसंच पिवळं.
तिने पुन्हा भरली.
थोरवे मामा कपाटापासून ओरडत आले,
अगं, चांदी आहे ती! नळाला येते काय?
तीन बाटल्या, तीन रीडिंग,
एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही.
तक्त्याखाली तिने लिहिलं होतं,
पाणी वेगवेगळं आहे, चूक माझी नसावी.

मी शून्य दिलं. पाचपैकी.
रकाना होता आणि तो भरायचा होता.
ती काही बोलली नाही, सही केली,
पेन धरलेली बोटं टोकाला काळी पडली होती,
सिल्व्हर नायट्रेटचे डाग, साबणाने जात नाहीत,
कातडी आपली आपण बदलेपर्यंत थांबावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी लॅबची किल्ली मागून घेतली.
तिच्या बाटल्या खिडकीत तशाच होत्या,
झाकणावर स्केचपेनने भ, ओ आणि ना.
प्रत्येकीतून तीनतीनदा घेतलं.
भ जुळलं. ओ जुळलं. ना सुद्धा,
दुसऱ्या घरापर्यंत.
नऊ रीडिंग घ्यायला हवी होती तिने,
आणि ते तिला सांगायला मी हवी होते,
चांदीचा हिशेब धरून मामांच्या मागे उभी न राहता.

निकाल तोवर विद्यापीठात गेला होता.
पाच गुणांनी तिचं काय अडलं, मला माहीत नाही.
रात्री रबाळ्याच्या बाजूने तो वास येतो ना,
तुम्ही खिडक्या लावून घेता, मीही घेते,
तेव्हा ना लिहिलेलं ते झाकण आठवतं.
क्लोराइडला वास नसतो.
तो दुसरा प्रयोग, आपल्याला नेमलेला नाही.

नियम तोच आहे, बदलणं माझ्या हातात नाही.
तिन्ही जुळली पाहिजेत.
फक्त पहिल्या ओळीत लिहा,
पाणी कुठलं, किती वाजता, कुणी भरलं.
त्याला गुण नाहीत.

हं, पुढे. हजेरी पंच्याहत्तर टक्के.